तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू

मोतीबिंदू हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर वयोवृद्ध माणूस उभा राहतो. साठी उलटली, केस पिकले, दात हलू लागले, तसा डोळ्यांत मोतीबिंदू आला, असेच आपण समजतो. म्हातारपणाच्या या सोबत्याविषयी घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू.’ या वाक्याला एके काळी आधार होता. जुन्या शस्त्रक्रियेत घट्ट झालेला मोतीबिंदू काढणे सोयीचे पडत असे. आजच्या पद्धतीत वृद्धांच्या बाबतीतही तशी वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. परंतु हाच मोतीबिंदू नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात असेल, तर ‘पिकू द्या’ हा सल्ला नुसता जुनाट ठरत नाही. तो बाळाची दृष्टी कायमची हिरावून घेऊ शकतो. वृद्धाचा मोतीबिंदू वर्षभर उशिरा काढला, तरी डोळा इतर दृष्टीने निरोगी असल्यास दृष्टी परत येते. बाळाचा दाट मोतीबिंदू वर्षभर उशिरा काढला, तर मार्ग स्वच्छ होऊनही बाळाला नीट दिसत नाही. हा फरक का पडतो, हे समजण्यासाठी डोळा आणि मेंदू यांचे नाते पाहावे लागते.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरून येणारे प्रकाशकिरण ते एकत्र आणते आणि डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलावर वस्तूची प्रतिमा उमटवते. या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्यातील प्रथिनांची मांडणी इतकी नेटकी असते, की प्रकाश त्यातून विनाअडथळा पार होतो. ही मांडणी बिघडली की भिंग दुधी काचेसारखे होते. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. म्हणजे मोतीबिंदू हा डोळ्यावर वाढणारा पडदा नव्हे आणि बाहेरून चिकटलेला थरही नव्हे. डोळ्याच्या आतील भिंगच धूसर झालेले असते. म्हणून काजळ, मध, अंगावरचे दूध किंवा कोणत्याही पाल्याचा रस डोळ्यात घातल्याने तो विरघळत नाही. उलट अशा उपायांनी डोळ्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. पारपटलावर जखम होऊन पांढरा डाग राहतो, त्याला बोलीभाषेत ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. ते फूल आणि मोतीबिंदू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेही येथे लक्षात ठेवावे.

बाळाच्या डोळ्यात मोतीबिंदू येण्याची कारणे अनेक आहेत. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो; आई किंवा वडील यांनाही लहानपणी मोतीबिंदू झालेला असतो. काही वेळा तो डाउन सिंड्रोमसारख्या जन्मजात अवस्थेबरोबर येतो. गॅलॅक्टोसीमिया नावाच्या दुर्मीळ विकारात बाळाच्या शरीराला दुधातील एका शर्करेचे पचन करता येत नाही आणि त्यामुळे भिंग धूसर होऊ लागते; हे वेळीच ओळखून दूध बंद केले व योग्य पर्यायी आहार दिला, तर भिंग पुन्हा स्वच्छ होऊ शकते. बाळाच्या मोतीबिंदूतील हा विरळा अपवाद होय. अनेक बाळांच्या बाबतीत, विशेषतः मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर, तपासण्या करूनही नेमके कारण हाती लागत नाही. अशा वेळी घरातील मंडळी कारण शोधू लागतात आणि बोट बहुधा आईकडे वळते. तिने ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, तमुक पाहिले, असे म्हटले जाते. या म्हणण्यांत काहीही तथ्य नाही. त्यांमुळे बाळाच्या उपचाराचे दिवस मात्र वाया जातात.

एक कारण मात्र पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. ते म्हणजे गरोदरपणी आईला होणारा रुबेला. अंगावर बारीक पुरळ आणि किंचित ताप एवढ्यावर हा आजार मोठ्या माणसात निभावतो. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याचे विषाणू गर्भापर्यंत पोहोचले, तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना इजा होते. हा संबंध प्रथम ओळखला तो ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी. जन्मजात मोतीबिंदू असलेली बाळे त्यांच्याकडे एकाएकी मोठ्या संख्येने येऊ लागली. या बाळांच्या आयांची विचारपूस करता बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीस रुबेला होऊन गेल्याचे आढळले. १९४१ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. एका डॉक्टरने आयांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले आणि त्यातून वैद्यकशास्त्राला एक मोठे सत्य गवसले. भारतात २०१७ साली गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम टप्प्याटप्प्याने सुरू झाली; महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये राबवली गेली. आता ही लस नियमित लसीकरणात बाळाला ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या वयात मोफत दिली जाते. गरोदर असताना मात्र ही लस घेता येत नाही. ती आधीच घेतलेली असावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाळाच्या बाबतीत एवढी घाई का?

आपल्याला वाटते, की डोळे पाहतात. प्रत्यक्षात डोळे प्रकाशाच्या खुणा टिपून मेंदूकडे पाठवतात आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम मेंदू करतो. हे काम मेंदूला जन्मतः पूर्णपणे येत नाही. भाषा जशी ऐकून ऐकून शिकावी लागते, तसे पाहणेही पाहून पाहून शिकावे लागते. आईचा चेहरा, खिडकीतून येणारा उजेड, पाळण्यावर टांगलेले चिमणाळे यांच्या स्पष्ट प्रतिमा पहिल्या आठवड्यांपासून मेंदूपर्यंत पोहोचत राहिल्या, तरच मेंदूतील दृष्टीचे जाळे विणले जाते. भिंग धूसर असेल, तर मेंदूला मिळतो तो केवळ अंधूक उजेड. त्यातून शिकण्यासारखे काही नसते.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाच्या एका डोळ्याच्या पापण्या जन्मानंतर लवकरच शिवून बंद केल्या आणि काही महिन्यांनी उघडल्या. डोळा धडधाकट होता, दृष्टिपटलही निरोगी होते. तरीही पिल्लाला त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हते. मेंदूतील पेशी तपासल्या असता त्यांतील बहुतेक पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच प्रतिसाद देत असल्याचे दिसले. वाढ पूर्ण झालेल्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला, तर असा परिणाम होत नसे. दृष्टी शिकण्याचा एक ठरावीक काळ असतो आणि तो सरल्यावर मेंदू पूर्वीइतका लवचीक राहत नाही, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांना वेदना देणाऱ्या अशा प्रयोगांविषयी मतभेद होऊ शकतात; परंतु तान्ह्या बाळांवर लवकर शस्त्रक्रिया करण्यामागचे शास्त्र याच प्रयोगांतून भक्कम झाले, हे नाकारता येणार नाही.

याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट उलगडते. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या बाळाची स्थिती एका अर्थाने अधिक बिकट असते. दोन भावांच्या सामाईक शेतात एकाने आपला वाटा पडीक ठेवला, की हळूहळू दुसऱ्या भावाची वहिवाट त्यावर सुरू होते. मेंदूतही तसेच घडते. चांगला डोळा मेंदूतील बहुतेक जागा व्यापतो आणि धूसर डोळ्याला पुढे वाव उरत नाही. अशा डोळ्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. हे नाव काहीसे अन्यायाचे आहे, कारण आळस डोळ्याचा नसतो. त्याला कामच मिळालेले नसते. त्यातच एका डोळ्याने बाळ सर्व व्यवहार करते, खेळण्याकडे हात नेते, हसते. त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही.

दृष्टीचा मार्ग अडवण्याइतका दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल, तर तो बाळ सुमारे सहा आठवड्यांचे होईपर्यंत काढावा, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. दोन्ही डोळ्यांत असेल, तर ही मर्यादा सुमारे आठ ते दहा आठवड्यांची मानली जाते. मग जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया का करू नये? त्यालाही कारण आहे. पहिल्या चार आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत पुढे काचबिंदू होण्याचे प्रमाण अधिक आढळते आणि इतक्या लहान जिवाला भूल देण्यातही जोखीम जास्त असते. म्हणजे एका बाजूला आळशी डोळ्याचे भय आणि दुसऱ्या बाजूला काचबिंदूचे. या दोहोंच्या मधली जी थोड्या आठवड्यांची वाट आहे, तीतूनच डॉक्टरांना व कुटुंबाला जावे लागते. प्रत्येक मोतीबिंदू काढावाच लागतो, असे मात्र नाही. ठिपका लहान असेल, बाहुलीच्या मध्यभागी नसेल किंवा पुरेसा प्रकाश आत जात असेल, तर काही काळ केवळ निरीक्षणावर भागते. याचा निर्णय तपासणीनंतरच होतो.

एवढी कमी मुदत असल्यामुळे मोतीबिंदू लवकर ओळखू येणे महत्त्वाचे ठरते. बाळाच्या बाहुलीत काळ्याऐवजी पांढरट किंवा राखाडी झाक दिसणे ही सर्वांत स्पष्ट खूण होय. दोन ते तीन महिन्यांचे बाळ समोरच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसेल, हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल, डोळा तिरळा होत असेल किंवा बुबुळे सतत थरथरत असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास एक दिवसाचाही उशीर करू नये. ‘मोठे झाले की तिरळेपणा आपोआप जाईल’ हे आश्वासन अशा वेळी घातक ठरते. दोन्ही डोळे थरथरू लागणे ही तर दृष्टीचा शिकण्याचा काळ निसटू लागल्याची खूण असते. पांढऱ्या बाहुलीमागे मोतीबिंदूच असेल असेही नाही. दृष्टिपटलाच्या कर्करोगातही बाहुली अशीच पांढरी दिसते आणि त्यात प्रश्न दृष्टीचा नसून जिवाचा असतो. म्हणूनही घाई हवी.

अनेकदा ही खूण साध्या डोळ्यांना दिसत नाही. पण एक सोपी तपासणी ती दाखवते. अंधाऱ्या खोलीत विशिष्ट उपकरणाने बाळाच्या बाहुलीत प्रकाश टाकला, की निरोगी डोळ्यातून लालसर-नारिंगी चमक परत येते. दृष्टिपटलावरून परावर्तित झालेला हा प्रकाश असतो. भिंग धूसर असेल, तर ही चमक मंद पडते किंवा तिच्या जागी काळा डाग दिसतो. या तपासणीला एखादे मिनिट पुरते आणि बाळाला काहीही टोचावे लागत नाही. प्रसूती जेथे होते, तेथेच ती व्हावी, अशी अपेक्षा आहे. २०१३ साली ६ फेब्रुवारी रोजी, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मजात मोतीबिंदू हा त्यात समाविष्ट केलेल्या आजारांपैकी एक आहे. या कार्यक्रमानुसार नवजात बाळाची तपासणी प्रसूतीच्या ठिकाणी आणि पहिल्या सहा आठवड्यांत आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत व्हावी, असे ठरले आहे. दोष आढळल्यास बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते आणि पुढील उपचार मोफत होतात. गृहभेटीला आलेल्या आशा कार्यकर्तीला ‘बाळाच्या डोळ्यांत एकदा पाहा’ असे कुटुंबाने स्वतःहून सांगावे. त्यात संकोच करण्याजोगे काही नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी बाळरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ बाळाची तपासणी करतात. रुबेलाची बाधा झालेल्या बाळाच्या हृदयातही दोष असू शकतो, म्हणून हृदयाची तपासणी होते. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू काढताना डोळ्यापुरती बधिरता पुरते. बाळ निपचित पडून राहणार नाही, म्हणून त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. याच गोष्टीला आईवडील सर्वाधिक घाबरतात आणि ‘थोडे वजन भरू द्या’ म्हणून तारीख पुढे ढकलू पाहतात. भीती स्वाभाविक आहे. परंतु लहान बाळांना भूल देण्याचा अनुभव असलेला तज्ज्ञ जेथे उपलब्ध आहे, अशा रुग्णालयात ही जोखीम बरीच आटोक्यात असते. भूल देण्यापूर्वी साधारण चार तास बाळाला अंगावर पाजता येत नाही. हे चार तास आईला फार जड जातात. पण पोटात दूध असताना भूल दिली, तर ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

बाळाचे भिंग मऊ असते. म्हाताऱ्या माणसाच्या घट्ट मोतीबिंदूप्रमाणे ते फोडावे लागत नाही. पारपटलाच्या कडेशी एकदोन मिलिमीटरच्या बारीक छेदांतून सूक्ष्म उपकरणे आत घालून, भिंगाच्या पिशवीला समोरून गोल छिद्र पाडून आतील धूसर द्रव्य ओढून घेतले जाते. येथपर्यंतचे काम मोठ्यांच्या शस्त्रक्रियेशी मिळतेजुळते आहे. पुढचे काम मात्र बाळाच्या डोळ्यासाठी खास आहे. वृद्धांच्या डोळ्यात भिंगाच्या पिशवीची मागील बाजू तशीच ठेवतात. बाळाच्या डोळ्यातील पेशी इतक्या झपाट्याने वाढतात, की ही मागील बाजू ठेवली तर ती थोड्याच काळात पुन्हा दुधी होते आणि केलेले सारे व्यर्थ जाते. म्हणून तिच्याही मध्यभागी छिद्र पाडतात आणि त्यामागील पारदर्शक गराचा थोडा पुढचा भाग काढून टाकतात. शेवटी छेद अतिशय बारीक टाक्यांनी शिवतात, कारण बाळ डोळा चोळते आणि त्याच्या डोळ्याची भिंत लवचीक असल्याने छेद आपोआप नीट मिटत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल, तर दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया बहुधा काही दिवसांच्या अंतराने होते. दोहोंत फार अंतर पडू दिले, तर मागे राहिलेला डोळा आळशी होतो.

भिंग काढल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचे, हा या उपचारातील सर्वांत वादाचा प्रश्न होता. मोठ्या माणसाच्या डोळ्यात लगेच कृत्रिम भिंग बसवतात. बाळाच्या बाबतीत अडचण अशी, की डोळाच अजून वाढायचा असतो. नवजात बाळाचा डोळा समोरून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. प्रौढपणी तो २३ ते २४ मिलिमीटर होतो आणि यातील बरीच वाढ पहिल्या दोन वर्षांतच होते. आज अचूक बसणारे भिंग दोन वर्षांनी चुकीच्या क्रमांकाचे ठरते. या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेतील १२ केंद्रांत एक मोठा अभ्यास झाला. २००४ ते २००९ या काळात एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली, एक ते सात महिन्यांच्या दरम्यानची ११४ बाळे त्यात घेण्यात आली. निम्म्या बाळांच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. उरलेल्या निम्म्यांना भिंगाविना ठेवून डोळ्यावर कॉन्टॅक्ट लेन्स दिली. मुले साडेचार वर्षांची झाली, तेव्हा दोन्ही गटांची दृष्टी सारखीच निघाली. परंतु कृत्रिम भिंग बसवलेल्या ५७ बाळांपैकी ४१ जणांच्या डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती; दुसऱ्या गटात ही संख्या ५७ पैकी १२ होती. त्यामुळे अगदी तान्ह्या बाळात कृत्रिम भिंग बसवण्याची घाई करू नये, असे मत बळावले. साधारण दोन वर्षांच्या वयानंतर ते बसवण्याबाबत फारसा वाद नाही. ज्या घरात कॉन्टॅक्ट लेन्स रोज सांभाळणे किंवा परवडणे शक्य नाही आणि एकच डोळा बाधित आहे, तेथे डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. शास्त्रातील उत्तर आणि घरातील परिस्थिती यांचा मेळ घालावाच लागतो.

या अभ्यासातील आणखी एक आकडा सहसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा. दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या मुलांची त्या डोळ्याची दृष्टी साडेचार वर्षांनंतरही फारच अंधूक होती. उत्तम शल्यचिकित्सक आणि नियमित तपासणी मिळूनही असे घडले. एका डोळ्याच्या मोतीबिंदूत यश शस्त्रक्रियेच्या टेबलावर निश्चित होत नाही. ते त्यानंतर घरी, रोज, अनेक वर्षे मिळवावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात औषधाचे थेंब ठरलेल्या वेळी घालावे लागतात. ते संपेपर्यंत चष्मा किंवा लेन्स सुरू झालेली असते. डोळ्यात भिंगच नसल्याने हा चष्मा जाड भिंगाचा असतो. त्याचा क्रमांक अधिक २० डायऑप्टरच्या घरात किंवा त्याहूनही मोठा असू शकतो. तो पाहून शेजारीपाजारी हळहळतात आणि ‘एवढ्याशा जिवाला चष्मा?’ असे विचारतात. त्यामुळे अनेक घरांत बाहेर जाताना चष्मा काढून ठेवतात, विशेषतः मुलगी असेल तर. हा लोकलज्जेचा चष्मा मात्र बाळाला फार महाग पडतो. भिंग नसलेल्या डोळ्याला चष्म्याविना सारे धूसरच दिसते. म्हणजे मोतीबिंदू काढूनही मेंदूपर्यंत स्पष्ट प्रतिमा पोहोचत नाही. बाळाचे जग हातभर अंतराचे असते. आईचा चेहरा, दुधाची वाटी, खेळणे एवढेच त्याला पाहायचे असते. म्हणून डॉक्टर सुरुवातीचा क्रमांक जवळचे स्पष्ट दिसेल असा देतात. चष्म्याला डोक्यामागून मऊ लवचीक पट्टा लावला, तर तो टिकतो. बाळ तो काढून फेकते, आई पुन्हा घालते. असे दिवसातून वीस वेळा घडले तरी काही आठवड्यांत बाळाला चष्म्यातून दिसणाऱ्या जगाची गोडी लागते. त्यानंतर काही बाळे सकाळी उठताच चष्म्याकडे हात नेतात. डोळा वाढतो तसा क्रमांक उतरत जातो, म्हणून पहिल्या दोन वर्षांत चष्मा वारंवार बदलावा लागतो. हा खर्च आधीच लक्षात घेतलेला बरा. तीनेक वर्षांच्या सुमारास दूरचे आणि जवळचे असे दोन्ही दिसेल, असा चष्मा देतात.

एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर यापेक्षाही कठीण काम पुढे असते. ते म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधणे. चांगला डोळा झाकला, की मेंदूला नाइलाजाने दुसऱ्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमा वापराव्या लागतात. वर सांगितलेल्या अभ्यासात बाळाच्या वयाच्या प्रत्येक महिन्यामागे दिवसाला एक तास, म्हणजे चार महिन्यांच्या बाळाला रोज चार तास, अशा हिशेबाने आठ महिन्यांपर्यंत पट्टी बांधण्यास सांगितले होते. पट्टी बांधली की बाळ रडते, चिडते, पट्टी ओरबाडते. ज्या डोळ्याने दिसते तोच झाकायचा आणि ज्याने दिसत नाही तो उघडा ठेवायचा, हे घरातील आजीला क्रूरपणाचे वाटते. तिचे वाटणे समजण्यासारखे आहे. म्हणूनच डॉक्टरांनी पट्टीचे कारण आईबरोबर आजीलाही समजावून सांगितले पाहिजे. दुपारी जागे असताना, खेळवताना, भरवताना पट्टी बांधली तर बाळ थोडे रमते. झोपेतील तास मोजायचे नसतात. किती तास बांधायची, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. उत्साहाने जास्त वेळ बांधली, तर चांगला डोळाच आळशी होण्याचा संभव असतो.

तपासणीसाठी आयुष्यभर जावे लागते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना नीट सांगितली जात नाही. तान्हेपणी भिंग काढलेल्या डोळ्यात वर्षांनंतरही काचबिंदू होऊ शकतो. अमेरिकेतील त्याच अभ्यासात मुले दहा वर्षांची झाली, तेव्हा साधारण पाचांपैकी एका मुलाच्या शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात काचबिंदू आढळला. काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी चेता हळूहळू निकामी होते. सुरुवातीस दुखत नाही की खुपत नाही. दाब मोजल्याशिवाय तो कळत नाही.

वेळ चुकलेल्या मुलांचे काय? खेड्यापाड्यांत आजही जन्मजात मोतीबिंदू असलेली सात-आठ वर्षांची मुले आढळतात. अशा मुलांच्या बाबतीत ‘आता काही उपयोग नाही’ असे म्हणण्याची पद्धत होती. १७२८ साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम चेझल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अगदी लहानपणापासून दृष्टिहीन असलेल्या या मुलाचे मोतीबिंदू त्यांनी सुईने बाजूला सारले होते. दिसू लागल्यावर मुलाला सर्व वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटल्या. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हेही हाताने चाचपल्याखेरीज त्याला सांगता येईना. आपल्या काळात दिल्लीतील एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात, मूळचे भारतीय असलेले मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांवर उपचार व अभ्यास केला. जन्मापासून न दिसणाऱ्या, ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांच्या हाती न दाखवता एक ठोकळा दिला आणि मग दोन ठोकळे दाखवून ‘मघाचा कोणता?’ असे विचारले. मुलांची उत्तरे अंदाजपंचे होती. हाताची ओळख डोळ्याला ठाऊक नव्हती. परंतु थोड्याच दिवसांत त्यांची उत्तरे बरीच सुधारली. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या या मुलांची नजर तीक्ष्ण झाली नाही. बारीक अक्षर त्यांना अवघडच राहिले. सुरुवातीस चित्रातील एकमेकांवर आलेल्या आकृती त्यांना वेगळ्या करता येत नसत. वस्तू हलू लागली, की ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे त्यांना कळे. महिने लोटले, तशी स्थिर वस्तूंचीही ओळख पटू लागली. त्यामुळे आठ वर्षांच्या किंवा पंधरा वर्षांच्या मुलालाही शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण उरत नाही. भिंतीचा आधार न घेता चालणे, ताटातील भाजी कोठे आहे हे पाहणे, माणूस समोर आला की तो ओळखणे, एवढे साधले तरी त्या मुलाचे दिवस बदलतात. शाळेत अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, मोठ्या टाइपातील पुस्तक किंवा वाचनासाठी विशालक भिंग द्यावे, फळ्यावर ठळक लिहावे आणि परीक्षेत अधिक वेळ व गरज पडल्यास लेखनिक मिळावा, यासाठी पालकांनी नेत्रतज्ज्ञाचे प्रमाणपत्र घेऊन शाळेकडे अर्ज करावा.